चार वर्षांची साक्ष

सित्तनाची आई बतूल सुदानमधल्या उमदुर्मानच्या बसतळावर चहा विकायची. नवरा पोर्ट सुदानच्या रस्त्यावर ट्रक उलटून गेला, तेव्हा सित्तना अजून रांगत होती. एक शेगडी, थोडे पेले आणि आलं-दालचिनीच्या बरण्या एवढ्या भांडवलावर बतूलने मुलीला वाढवलं आणि शेवटी फार्मसीच्या कॉलेजात घातलं. त्या कॉलेजात निम्मी मुलं स्वतःच्या गाडीने यायची. सित्तना अंगाला धुराचा वास घेऊन यायची आणि पुढच्या बाकावर बसायची.

ती फार हुशार होती असं नाही. एकदा वाचून तिच्या डोक्यात काही शिरत नसे, तीनदा वाचावं लागे. पण चौथ्यांदा वाचायचा तिला कंटाळाही नव्हता. अशी वाचून वाचूनच ती चार वर्षं एकही विषय न राहता पास झाली. बसतळावरचे ड्रायव्हर तिला डॉक्टरीणबाई म्हणायचे आणि पाठदुखीवर गोळी विचारायचे. बतूल वरवर चिडायची, "अजून शिकतेय ती. कुणी मेलंबिलं तर माझ्या शेगडीवर येऊ नका." पण त्या दिवशी त्या ड्रायव्हरच्या पेल्यात साखर जरा जास्तच पडायची.

पाचवं वर्ष, म्हणजे शेवटचं, नुकतं सुरू झालं होतं. रमजानचे शेवटचे दहा दिवस होते आणि शहरात लढाई पेटली. पहिल्या आठवड्यात कॉलेजच्या परीक्षा विभागात बंदूकवाले राहायला आले. दुसऱ्या आठवड्यात ती इमारत जळाली. आग कुणी लावली हे कुणालाच नक्की कळलं नाही. वर्गातल्या मुज्तबा नावाच्या मुलाने लांबून फोनवर काढलेली चित्रफीत सगळ्यांना पाठवली. खिडक्यांतून काळा धूर निघत होता आणि जळके कागद रस्त्यावर पाचोळ्यासारखे उडत होते. खाली त्याने लिहिलं होतं, 'माझा औषधशास्त्राचा पेपर गेला एकदाचा.' मुज्तबाला प्रत्येक गोष्टीची थट्टा करायची सवय होती. त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही.

मायलेकी उत्तरेकडे, इजिप्तच्या दिशेने निघाल्या. बरोबर सित्तनाच्या वर्गातली इब्तिहाल होती. तिचे आईवडील आधीच वारले होते, एक भाऊ सौदीत होता, त्यामुळे ती एकटीच होती. सरहद्दीपाशी, हल्फ्याला, हजारो माणसं उघड्यावर पडली होती. तिथे बतूल तापाने फणफणली आणि बेशुद्ध पडली. पलीकडे जाणाऱ्या बसमध्ये सित्तनाला आणि इब्तिहालला जागा मिळाली होती, बतूलला नव्हती. सित्तना काही बोलायच्या आत इब्तिहालने आपली पिशवी खाली टाकली. "तुझ्या आईला बसव माझ्या जागी," ती म्हणाली. "मी काय, तरणीताठी आहे." त्यानंतर कित्येक आठवडे ती एका शाळेच्या ओसरीवर अडकून पडली. शेवटी कैरोला पोचली तेव्हा हगवणीने तिच्या अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं, आणि पुढे लढाईच्या बातम्या लागल्या की ती उठून बाहेर जायची.

कैरोत मायलेकी गिझ्याच्या बाजूला, फैसल भागात राहिल्या. एका घरात तीन कुटुंबं. बतूलने तवा मिळवला आणि किसरा घालायला सुरुवात केली. आंबवलेल्या ज्वारीचे ते पातळ पापुद्रे घ्यायला आसपासची सुदानी माणसं येऊ लागली, दोन वेळचं भागू लागलं. सित्तनाने आपली पुस्तकं नसलेली पिशवी उचलली आणि गिझ्यातलं एक खाजगी फार्मसी कॉलेज गाठलं. तिथे परदेशी मुलांना घेत होते, आधीच्या कॉलेजची क्रेडिट मान्य करून वरच्या वर्गात बसवत होते.

हे काम बघणाऱ्या बाई होत्या मादाम उल्फत. त्यांनी पाणी विचारलं, सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही शिकला नाहीत असं मी म्हणत नाही. पण मी काय बघून तुम्हाला पाचव्या वर्षात बसवू?"

सित्तनाकडे होते ते फोनमधले फोटो. कॉलेजच्या फळ्यावर निकाल लागला की मुलं गर्दी करून फोटो काढायची, तसले. निम्मे अस्पष्ट. चौथ्या वर्षाच्या फोटोत तर अर्धी जागा मुज्तबाच्या डोक्याने अडवलेली. मादाम उल्फतने ते लक्ष देऊन पाहिले आणि फोन परत दिला. शिक्क्याची गुणपत्रिका हवी. ती देणारं ऑफिस जळालेलं, माणसं देशोधडीला लागलेली. गुणपत्रिका नसेल तर पहिल्या वर्षापासून सुरुवात. सित्तना त्या दिवशी फैसलपर्यंत चालत आली. आईला तिने सांगितलं की काम चालू आहे.

वाट निघाली ती डॉक्टर मुतवक्किल यांच्यामुळे. ते उमदुर्मानच्या कॉलेजात वनौषधी शिकवायचे आणि परीक्षा विभागाचे प्रमुख होते. मार्कांच्या बाबतीत माणूस महाकंजूष. त्यांच्याकडे अर्धा मार्क मागायला गेलेला मुलगा एक मार्क गमावून येतो, अशी ख्याती होती. आता ते कैरोत आपल्या मुलीच्या घरी राहत होते आणि सकाळी फैसलच्या एका कॅफेत एकटेच बसलेले असायचे. तरुणपणी त्यांनी कैरोतच डॉक्टरेट केली होती, आणि गिझ्याच्या कॉलेजचे प्राचार्य तेव्हा त्यांच्या बरोबर शिकत होते. मुतवक्किल सर तिथे गेले, जुन्या ओळखीवर बोलले, आणि प्राचार्यांनी मान्य केलं. मूळ कागद मिळेपर्यंत सरांनी प्रत्येक मुलाचे विषय लिहून सहीने साक्ष द्यावी, ती धरून क्रेडिट देऊ.

बातमी पसरली. दहा-बारा मुलं जमली. सर एकेकाला कॅफेत समोर बसवायचे आणि सरळ तोंडी परीक्षाच घ्यायचे. मुज्तबा वैतागला. "सर, तुम्ही मला चार वर्षं ओळखता."

"ओळखतो म्हणून तर विचारतोय," सर म्हणाले. "सोनामुखीच्या पानात काय असतं ते सांग."

मुज्तबाने सांगितलं. सगळ्यांनी सांगितलं. नव्या गावात, परक्या कॅफेत, शेजारी लोक पत्ते कुटत असताना ही मुलं चार वर्षांचं शिकलेलं घडाघडा बोलत होती, आणि बोलता बोलता त्यांचे चेहरे पहिल्यासारखे होत होते. सगळ्यांची पानं टाइप करून आणायचं काम सरांनी सित्तनाला दिलं, कारण ती चुका करत नसे.

इब्तिहालचं दुखणं वेगळं होतं. तिसऱ्या वर्षाचे दोन विषय तिचे राहिले होते. फेरपरीक्षा मे महिन्यात व्हायची होती, आणि मे उजाडेपर्यंत शहर राहिलं नव्हतं. ती सित्तनाच्या घरी आली, बतूल तव्यापाशी होती म्हणून जिन्यात बसली आणि हळू आवाजात बोलू लागली. ते दोन विषय राहिले तर तिला तिसऱ्या वर्षात बसवतील. भावाने निरोप धाडला होता की एका वर्षात संपत असेल तर शिक, नाहीतर इकडे ये, माझ्या मालकाला दुसरी बायको करायची आहे.

"तुझ्याच हातात आहे गं," इब्तिहाल म्हणाली. "दोन ओळी. मी ते विषय वाचले होते, तुला माहीत आहे. परीक्षा झाली असती तर पास झालेच असते."

"सर एकेक ओळ वाचतात."

"मग राहू दे." ती उठली. हल्फ्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर सित्तनाला कदाचित नाही म्हणता आलं असतं.

सित्तनाने त्या दोन ओळी टाइप केल्या. दोन्हींपुढे 'उत्तीर्ण'.

सरांनी सगळी पानं एका बैठकीत वाचली. इब्तिहालच्या पानावर त्यांचा पेन थांबला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हिचे तिसऱ्या वर्षाचे दोन विषय निघाले?"

"हो सर. फेरपरीक्षेत."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. ती टेबलाकडे बघत होती. मग त्यांनी सही केली आणि पुढचं पान ओढलं.

सगळ्यांना प्रवेश मिळाला. सित्तना पाचव्या वर्षात बसली. सकाळी कॉलेज, दुपारी इस्पितळाच्या औषध विभागात शिकाऊ म्हणून काम. बतूल किसरा घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची की उन्हाळ्यापर्यंत पोरगी सुटते. पहिल्या सत्राची परीक्षा झाली, सित्तना चांगल्या मार्कांनी पास झाली. हातातोंडाशी घास आला होता.

मग त्यांच्या जुन्या कॉलेजने समुद्रकाठच्या गावात दोन खोल्यांत ऑफिस उघडलं. कुणाच्या तरी घरच्या कॉम्प्युटरवर परीक्षा विभागाची एक जुनी प्रत सापडली होती. ती अर्धवट होती. सित्तनाच्या वर्गाचे पहिल्या तीन वर्षांचे निकाल तिच्यात होते, चौथ्याचे नव्हते. ऑफिसने ते निकाल शिक्क्यासह सगळीकडे पाठवून दिले. ज्या कागदांसाठी मुलांनी जिवाचं रान केलं होतं, ते एका सकाळी मादाम उल्फतच्या टेबलावर येऊन पडले. त्यांनी ते सरांच्या पानांशी ताडून पाहिले. इब्तिहालच्या दोन ओळी जुळल्या नाहीत.

चौकशी प्राचार्यांच्या खोलीत झाली. सर, सित्तना, इब्तिहाल आणि मुलांच्या वतीने मुज्तबा, एवढे चौघे. प्राचार्य सरांच्या नजरेला नजर देत नव्हते. मादाम उल्फतने विचारलं की ही पानं कुणी तयार केली.

सित्तना उभी राहिली. "मी केली. सरांना काही माहीत नव्हतं. मी त्यांना खोटं सांगितलं."

इब्तिहाल रडू लागली. प्राचार्यांच्या चेहऱ्यावर मात्र सुटल्यासारखं काहीतरी आलं. ते पहिल्यांदा जुन्या मित्राकडे वळले. "म्हणजे डॉक्टर, तुमची फसवणूक झाली."

सरांनी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. दोघी मुली गेल्या असत्या, बाकीच्यांना बहुधा धक्का लागला नसता. सर म्हणाले, "नाही. फेरपरीक्षेची तारीख मीच लावली होती. ती मे महिन्यात होती. मे महिन्यात तिथे परीक्षा होऊ शकत नव्हती, हे मला सही करताना माहीत होतं."

 मुज्तबाने डोकं दोन्ही हातांत धरलं.

निर्णय आठवड्याने लागला. डॉक्टर मुतवक्किल यांची साक्ष कुठल्याही मुलासाठी ग्राह्य नाही. शिक्क्याच्या कागदावर तीन वर्षं दिसतात, तेवढीच क्रेडिट. सगळ्यांनी चौथ्या वर्षात परत बसायचं, नुकतंच पास केलेलं सत्रही रद्द. सित्तना आणि इब्तिहाल यांना काढून टाकलं, आणि तो शेरा दोघींच्या नावापुढे कायमचा लागला.

निकाल ऐकून बाहेर पडल्यावर सित्तना सरांच्या मागे पुलापर्यंत गेली. तिला रडू येत नव्हतं, राग येत होता. "तुम्ही हो का म्हणाला नाहीत, सर? मी घेतलं होतं ना अंगावर."

सर कठड्याला धरून उभे राहिले. "परीक्षेत कॉपी करणारा पोरगा आपण होऊन कबूल झाला, तर मी त्याचा तेवढा एक पेपर रद्द करायचो. बाकीचे तपासायचो. तीस वर्षं तसंच केलं. मला वाटलं, तेही तसंच करतील. माझं एक खोटं मीच सांगितलं तर उरलेलं खरं मानतील."

"आणि सही का केली?"

"हल्फ्याचं मुज्तबाने सांगितलं होतं मला." त्यांनी कठड्यावरचा हात काढला. "उभ्या जन्मात कुणाला फुकट अर्धा मार्क दिला नाही मी. एकदाच दिला."

पुलावरून ट्रक धडधडत गेले.  सर वळले आणि आपल्या घराच्या दिशेने चालू लागले. मुलांच्या शिकवण्या घेत होते, त्याही पुढे सुटल्या. गावाकडचा रस्ता जरा मोकळा झाल्यावर ते सुदानात अतबऱ्याला बहिणीकडे निघून गेले.

इब्तिहाल सौदीला गेली. निघताना बतूलच्या पाया पडल्यासारखी वाकली आणि सित्तनाला मिठी मारून खूप वेळ उभी राहिली. तिकडून सुरुवातीला फोन यायचे. मग नंबर बदलला.

बाकीच्यांपैकी काहीजण मुकाट्याने चौथ्या वर्षात बसले. ते रस्त्यात सित्तना दिसली की पलीकडच्या बाजूला जायचे, आणि तिला त्यात वावगं वाटत नसे. तिच्याकडे येत राहिला तो एकटा मुज्तबा. तो तव्यापाशी बसून गरम किसरा हादडायचा. एकदा तिने माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाला, "अगं, माझ्या डोक्याने फोटो अडवला म्हणून सरांच्या सहीची वेळ आली. दोष माझ्या टाळक्याचा." बतूल हसली. मग ती पीठ आणायला आत गेल्यावर तो हलक्या आवाजात म्हणाला, "पण आणखी दोन वर्षं माझ्याकडे नाहीत, सित्तना. बाप तिकडे आखातात थकलाय. मी लिबियाला चाललोय. तिथून नावेने युरोपला."

ती म्हणाली, जाऊ नकोस.  

लिबियाच्या किनाऱ्यावरच्या तोब्रुकहून त्याचा एक आवाजी निरोप आला. मागे वारा ऐकू येत होता. समुद्र फार मोठा नाही, अंघोळीची सोय चांगली आहे, असं काहीतरी बोलून तो हसला होता. त्याची नाव त्या आठवड्यात सुटली. त्यानंतर काही नाही. बुडाल्याची बातमी नाही, पोचल्याची नाही. एका नावेबद्दल लोक बोलत होते, पण त्यात तो होता की नाही हे सांगणारा कुणी परत आला नाही.

मुज्तबाची आई, हाज्जा नव्वारा, दोन गल्ल्या सोडून राहायची आणि किसरा बतूलकडूनच न्यायची. प्रत्येक वेळी ती सित्तनाला आपला फोन दाखवायची. "बघ गं पोरी, ह्यात कुठे काही अडकलंय का? तुम्हा शिकलेल्यांना कळतं." सित्तना फोन हातात घ्यायची, उघडायची, बघायची आणि परत द्यायची. हे सगळा हिवाळा चाललं. बतूलला कॉलेजचं अर्धंच माहीत होतं, कागदांचा घोळ झाला एवढंच.

एका सकाळी हाज्जा नव्वाराने असाच फोन पुढे केला आणि सित्तनाने तो घेतला नाही. तिने आईसमोर सगळं सांगितलं. जिन्यातलं बोलणं, दोन ओळी, चौकशी. कुठे थांबली नाही, कारणही दिलं नाही. तव्यावरचा किसरा करपला तरी बतूलचा हात हलला नाही.

हाज्जा नव्वाराने शेवटपर्यंत ऐकलं. तिने अंगाभोवती गुंडाळलेल्या तोबचा पदर सारखा केला, फोन पिशवीत ठेवला. "तो मला म्हणाला होता, अभ्यासाचा कंटाळा आला," ती म्हणाली. "मी त्याला आळशी म्हटलं." ती सावकाश जिना उतरून गेली. त्यानंतर ती किसरा दुसरीकडून घेऊ लागली.

बतूल दोन दिवस मुलीशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवण वाढता वाढता म्हणाली, "त्या पोरीने जागा दिली नसती तर मी हल्फ्यालाच गेले असते. मग हे काही झालं नसतं."

"यम्मा, असं बोलू नकोस."

"बोलत नाही. पण रोज मनात येतं."

पुढच्या वर्षी त्या अस्वानला राहायला गेल्या. तिथे राहणं स्वस्त होतं आणि ओळखीचं कुणी नव्हतं. सित्तना एका औषधांच्या दुकानात खोकी फोडून माल लावायची. तिथल्या एका तंत्रसंस्थेत औषध-प्रयोगशाळेचा अभ्यासक्रम होता, तिथे तिने अर्ज केला. पहिल्या वर्षासाठी. तीन वर्षांचा शिक्क्याचा कागद आता तिच्याकडे होता, अगदी खरा. पण तो दाखवला तर हे लोक चौकशी करणार आणि गिझ्याचा शेरा निघणार. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "शाळेनंतर आधी कुठे काही शिकलात?"

"नाही."

"मग एवढी वर्षं काय केलंत?"

"आईला हातभार."

बतूल शेजारीच उभी होती. तिने तोंड फिरवलं आणि बाहेर रस्त्याकडे बघत राहिली. 

वर्गात तिच्याहून सात-आठ वर्षांनी लहान मुली. त्या तिला मावशी म्हणतात, आधी चेष्टेने, आता सवयीने. प्रयोगशाळेत ती मागच्या टेबलावर उभी राहते आणि येत असलेल्या गोष्टी नव्याने शिकल्यासारख्या करते. कधीकधी मुद्दाम चुकते, कारण एकदा शिकवणाऱ्याने तिच्याकडे रोखून बघत विचारलं होतं, तुला हे कुणी शिकवलं?

तो प्रश्न आला त्या दिवशी तिने अतबऱ्याला फोन लावला. तिकडे लाइन लागणं नशिबाची गोष्ट. ती लागली. सरांचा आवाज बारीक झाला होता. तिने सांगितलं की पुन्हा कॉलेजात जाते. सरांनी कुठल्या वर्षात हे विचारलं नाही. पहिल्या सत्राला कुठले विषय आहेत ते विचारलं. तिने एकेक सांगितले.

"वनौषधी आहे?"

"आहे, सर."

"शिकवणारा कसा आहे?"

"बरा आहे. पानं ओळखायला घाई करतो."

"त्याला दुरुस्त करायला जाऊ नकोस," सर म्हणाले. मग मुज्तबाचं काही कळलं का, असं त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली. ते काहीतरी पुढे बोलत होते, तेवढ्यात लाइन गेली.